दुसरा गिअर

दिवे घाट उतरताना तिसऱ्या वळणावर आमच्या गाडीचा दुसरा गिअर सुटला. सुटला म्हणजे दांडा हाताखाली 'खट्' करून पुढे सरकला आणि न्यूट्रलमध्ये जाऊन बसला. इंजिनाची गुरगुर एकदम गळाली आणि तोपर्यंत इंजिनाच्या लगामात चालणारी गाडी मोकाट घोड्यासारखी उताराला लागली. ब्रेक होते, सकाळची वेळ होती आणि समोरून एस. टी. येत नव्हती, म्हणून हे लिहायला मी शिल्लक आहे. डाव्या हाताला खाली मस्तानी तलाव दिसत होता की नव्हता, हे मला आठवत नाही.

शेजारच्या सीटवर माझा थोरला भाऊ बसला होता. वय ऐंशीला टेकलेले, गुडघे थकलेले, कान मात्र शाबूत. काय झाले, असे त्याने विचारलेसुद्धा नाही. वडकीला चहाच्या टपरीवर गाडी थांबवली, तेव्हा बशीत चहा ओतत तो म्हणाला, "आता काढून टाक ही. हिचा बॉक्स काही मिळायचा नाही." ज्या माणसाने बेचाळीस वर्षे त्या गाडीला स्वतःच्या हाताने पुसले, त्याच्या तोंडचे हे वाक्य होते. त्यात राग नव्हता, हट्ट नव्हता. डॉक्टरांनी आजाऱ्याला घरी न्यायला सांगावे, तसा तो स्वर होता. हा लेख त्या एका वाक्याला दिलेले, थोडे लांबलेले उत्तर आहे.

गाडी कोणती ते आधी सांगतो. ट्रायम्फ स्पिटफायर, मार्क थ्री, १९६९ सालची. दोनच माणसांची, उघड्या टपाची, इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीजवळच्या कॅनली येथील कारखान्यात तयार झालेली. १२९६ सी. सी. इंजिन, ७५ अश्वशक्ती. आजच्या हिशेबाने ही ताकद एखाद्या छोट्या कुटुंबवत्सल मोटारीचीच. पण त्या काळी हलक्या अंगाच्या या गाडीला ती ताशी दीडशे किलोमीटरपर्यंत नेत असे. परदेशी वकिलातीतले अधिकारी मायदेशी परतताना आपल्या मोटारी इथेच सोडून जात. तशी सुटलेली ही गाडी दोन-तीन हात फिरून १९८३ मध्ये दादाकडे आली. घरात तेव्हा फ्रिज नव्हता. वहिनी हे वाक्य आजही, पाहुणे बसले असताना, न चुकता उच्चारतात.

ट्रायम्फ म्हटल्यावर आजचा तरुण वाचक म्हणेल, 'अहो, ती तर आपल्या चाकणला बनते.' बनते, पण ती मोटारसायकल. ट्रायम्फच्या मोटारी आणि ट्रायम्फच्या मोटारसायकली यांची वाटणी १९३६ मध्येच झाली. मोटारींची शाखा पुढे स्टँडर्ड मोटर कंपनीच्या घरात गेली, तिथून लेलँडकडे, आणि कॅनलीच्या कारखान्यातली मोटारींची जुळणी १९८० मध्ये थांबली. ट्रायम्फ मोटारीचे नाव आज एका जर्मन कंपनीच्या तिजोरीत आहे. नाव आहे, मोटार नाही. म्हणजे ज्या कारखान्याच्या दारात जाऊन 'तुमच्या गाडीचा गिअर बॉक्स द्या' म्हणावे, तो कारखानाच उरलेला नाही.

तरीही या गाडीचे भारताशी एक सख्खे नाते आहे, आणि आमच्या आशेचा धागा तोच होता. पन्नाशी ओलांडलेल्या वाचकांना स्टँडर्ड हेराल्ड आठवत असेल. अँबेसेडर, फियाट आणि हेराल्ड या त्रिकुटावर आपण एक अख्खी पिढी काढली. १९६१ पासून मद्रासला तयार होणारी ही नाजूक गाडी म्हणजे इंग्लंडची ट्रायम्फ हेराल्ड. तिचे पुढचे संपूर्ण बॉनेट, मडगार्डांसकट, मगरीने जबडा उघडावा तसे पुढच्या बाजूला उलटे उघडायचे. जेमतेम पंचवीस फुटांच्या वर्तुळात ती वळायची. आणि अँबेसेडर-फियाटचा गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबाला असे, तेव्हा हेराल्डचा दांडा जमिनीतून वर आलेला होता. कॉलेजातल्या पोरांना तेवढ्यावरून ती 'स्पोर्ट्स' वाटायची.

पोरे फारशी चुकत नव्हती. हेराल्डच्याच सांगाड्याची दोन चाकांमधली लांबी साडेएक्क्याण्णव इंचांवरून त्र्याऐंशी इंचांवर आणून इंग्रजांनी स्पिटफायर बनवली. दोघींचे रूपही एकाच इटालियन माणसाने, जोव्हानी मिकेलोती याने रेखाटलेले. पुढच्या चाकांची ठेवण, उलटे उघडणारे बॉनेट, गिअर बॉक्सचे घराणे, सारे एक. मार्क थ्रीपर्यंतच्या स्पिटफायरला आणि आपल्या हेराल्डला चार पुढचे गिअर, आणि दोघींच्याही पहिल्या गिअरला सिंक्रो नाही. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला टाकायचा नाही, ही शिस्त दोन्हीकडे सारखी. थोडक्यात, आमची स्पिटफायर ही हेराल्डची धाकटी, नटवी बहीण. थोरलीच्या घरी धाकटीसाठी काही मिळेल, एवढीच आशा.

आधी निदान. पुण्यात भवानी पेठेच्या एका बोळात आमचे उस्ताद आहेत. तरुणपणी त्यांनी हेराल्डच्या सर्व्हिस स्टेशनवर उमेदवारी केली. आता हात थरथरतात, पण लांब स्क्रू-ड्रायव्हरचे पाते गिअर बॉक्सला टेकवून मूठ कानाला लावली की त्यांना आतले सारे ऐकू येते. मी गाडी चालवली, ते शेजारी बसून ऐकत राहिले. पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या गिअरमध्ये जात्यासारखी घरघर; चौथा टाकला की शांत. "ले-शाफ्ट," ते म्हणाले. कारण सोपे आहे. अशा गिअर बॉक्समध्ये चौथ्या गिअरला इंजिनाची फिरकी सरळ मागे जाते. उरलेल्या तिघांना मात्र खालच्या जोडदांड्यावरून, म्हणजे ले-शाफ्टवरून, वळसा घालावा लागतो. वळशाच्या वाटेवर आवाज आणि सरळ वाटेवर शांतता, म्हणजे रोग वळशात. दुसरा गिअर सुटतो याचा अर्थ त्याचा हब, रिंग आणि त्याला जागेवर धरणारी गोळी-स्प्रिंग झिजलेली. आणखी एक गोष्ट त्यांनी निचरा केलेल्या तेलाचा वास घेऊन सांगितली: मागच्या वेळी कोणीतरी चुकीचे तेल भरले होते. आधुनिक गाड्यांच्या मागच्या धुरीसाठी बनवलेल्या कडक तेलांतली काही रसायने पिवळ्या धातूच्या जुन्या रिंगांना मानवत नाहीत. चांगले म्हणून जे भरले, तेच बाधले.

स्पिटफायरचा बॉक्स खालून निघत नाही; सीट काढायच्या, मधला बोगदा उचलायचा आणि तो गाडीच्या पोटातून वर घ्यायचा. दोन दिवसांत तो उस्तादांच्या बाकावर आला. उघडला, तेव्हा ले-शाफ्टवर सुईबेअरिंगांनी इतके खोल चर पाडले होते की नख अडकत होते, आणि त्याच्यावर फिरणाऱ्या दातेमाळेचे दोन दाते टवके उडालेले. मी आयुष्यभर पिंपरीच्या एका कारखान्यात गिअरच्या दात्यांची मापे तपासली. लाखो दाते माझ्या हाताखालून गेले असतील. निवृत्तीनंतर दोन दात्यांसाठी दारोदार फिरायची वेळ यावी, याला काय म्हणायचे?

फिरलो मात्र खरा. रविवारी पुण्याचा जुना बाजार, एरवी नाना पेठ. मुंबईला ऑपेरा हाऊसच्या गल्ल्यांतली सुट्या भागांची दुकाने, मग चोर बाजार, मग कुर्ल्याचे भंगारवाले. सगळीकडे माणसे सौजन्याने बोलली. जुन्या गाडीचे नाव काढले की दुकानदाराच्या चेहऱ्यावर एक मऊपणा येतो, हे मी पाहिले आहे. "हेराल्ड? माझ्या मामाकडे होती हो!" पण मामाची आठवण निराळी आणि मालाची आठवण निराळी. कुर्ल्याला एका वृद्ध गृहस्थांनी मला सरळ हिशेब सांगितला. "साहेब, असे बॉक्स यायचे. पंधरा-वीस वर्षांपूर्वीपर्यंत यायचे. आम्ही ठेवायचो वर्ष-दोन वर्षं. गिऱ्हाईक यायचं नाही, जागेचं भाडं मात्र यायचं. मग बीड म्हणून किलोवर दिले." बीड म्हणजे ओतीव लोखंड. ज्या पेटीसाठी मी तीन शहरे पालथी घातली, तिच्या असंख्य बहिणी वजनावर विकल्या जाऊन भट्टीत वितळल्या. त्यांचे आता कुठे ड्रेनेजचे झाकण झाले असेल, तर कुठे पाण्याच्या पंपाची बैठक.

या फिरतीत मला दोन सल्ले वारंवार मिळाले. पहिला, 'काढून टाका.' दुसरा अधिक मोहाचा होता. एका तरुण, हुशार गॅरेजवाल्याने गाडी पाहिली, टेप लावली आणि म्हणाला, "काका, ओम्नीचा बॉक्स बसवून देतो. मधे एक प्लेट टाकू, शाफ्ट कापून जोडू, बोगदा थोडा ठोकून रुंद करू. आठ दिवसांत गाडी रस्त्यावर." माणूस खोटे बोलत नव्हता. त्याने ते करून दिले असते. विलायतेतही लोक जुन्या स्पोर्ट्स गाड्यांत नव्या गाड्यांचे पाच गिअरचे बॉक्स बसवतात, आणि त्यांना कोणी फाशी देत नाही.

तरी मी नको म्हटले, आणि का म्हटले ते नीट सांगायला हवे. कारण 'जुगाड' या शब्दाचे आपल्याकडे अलीकडे फार कौतुक होते. एके काळी आपण अँबेसेडर आणि फियाटमध्ये कुठकुठली डिझेल इंजिने कोंबली. पेट्रोल परवडत नव्हते, पोट होते, त्याबद्दल कोणाला दोष नाही. पण जुगाडाला एक खोड असते: तो मागची वाट बुजवत जातो. बोगदा ठोकला, शाफ्ट कापला, की त्या गाडीला तिचा स्वतःचा बॉक्स पुन्हा कधी बसत नाही. दुरुस्तीचे तसे नाही. आज मी केलेली दुरुस्ती उद्या दुसऱ्या माणसाला उलगडता येते, तपासता येते, माझी चूक सुधारता येते. नडीला जुगाड ठीक. पण त्यालाच आपण विद्या म्हणू लागलो, तर पुढची पिढी ठोकायला शिकेल, मोजायला नाही.

'मग नवीन करून घ्या की! पुण्यात काय बनत नाही?' हेही ऐकले. भोसरी-पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात गिअर कापणाऱ्या मशिनांची वाण नाही, हे खरे. पण कारखान्याचे अर्थशास्त्र उलटे चालते. दहा हजार नग करायचे असतील तर एक नग स्वस्त; एकच करायचा असेल तर तो दागिन्याच्या भावात. त्यात या गाडीचे दाते इंग्रजी इंचांच्या मापाचे, आपली हत्यारे मिलिमीटरच्या मापाची. दाते तिरके, तिरकेपणाचा कोन तोंडी लागला पाहिजे, कटर वेगळा हवा, आणि मूळ नकाशा हाती नाही. झिजलेल्या दात्यावरून नव्या दात्याचे माप काढणे म्हणजे म्हाताऱ्याच्या कवळीवरून त्याचे तरुणपणचे हसू काढण्यासारखे. साधा, गोल, गुळगुळीत ले-शाफ्ट मात्र करता येणार होता. म्हणजे अर्धा प्रश्न इथे सुटत होता, अर्धा नव्हता.

शेवटी उस्तादच म्हणाले, "साहेब, जिथं जन्मली तिथं जाऊन बघा ना." हेराल्ड जन्मली मद्रासला. आणि चेन्नईत पुदुपेट्टै नावाचे एक अजब पेठवजा विश्व आहे. रस्त्याच्या दोन्ही अंगांना मोटारींचे अवयव सुटे करून मांडलेले: इथे नुसती दारे, तिथे नुसते रेडिएटर. सोलापूर, वाडी, गुंतकल असा रात्रभराचा प्रवास करून मी तिथे पोचलो. तमिळ मला येत नाही आणि तिथल्या वृद्ध दुकानदाराला हिंदीचे प्रेम नव्हते. मी खिशातून आमच्या झिजलेल्या सिंक्रो रिंगचा तुकडा काढून त्याच्या हातावर ठेवला. त्याने तो बोटांत फिरवला, डोळ्यांजवळ नेला आणि एकच शब्द बोलला: "हेराल्ड." मग पोऱ्याला आत पाठवले. पाऊण तासाने तीन डिफरन्शियलच्या आणि एका मोठ्या रेडिएटरच्या खालून एक बॉक्स निघाला. पेटीला तडा गेलेला, वर पंचवीस-तीस वर्षांची काजळी. भाव त्याने किलोवरच सांगितला. मी घासाघीस केली नाही. पुणेकराने घासाघीस केली नाही, यावरून माझी मनःस्थिती ओळखावी.

पण घराणे एक म्हणजे नग एक नव्हे. इथे थोडे थांबून सांगितले पाहिजे, कारण जुन्या यंत्रांच्या बाबतीत अर्धे ज्ञान हा सर्वांत महाग सुटा भाग असतो. आपली हेराल्ड शेवटपर्यंत ९४८ सी. सी.च्या लहान इंजिनावर चालली. स्पिटफायरचे इंजिन मोठे. त्यामुळे अख्खा बॉक्स उचलून ठेवला आणि बसला, असे गृहीत धरता येत नव्हते. उस्तादांनी खाटेवर जुनी वर्तमानपत्रे पसरली, डावीकडे आमच्या बॉक्सचे अवयव, उजवीकडे पुदुपेट्टैच्या. मी व्हर्नियर आणि मायक्रोमीटर घेऊन बसलो. एकेक जोडी मोजायची, दाते मोजायचे, खडूने खूण करायची: बसेल, घासून बसेल, बसणार नाही. दोन दिवस हे चालले. बऱ्याच वस्तू 'बसणार नाही'च्या बाजूला गेल्या. बॉल बेअरिंगवरचा नंबर वाचता आला, ती बाजारात आजही मिळतात. गोळ्या, स्प्रिंगा, थ्रस्ट वॉशर, दांड्याखालची काही जुळणी थोरलीकडून धाकटीला मिळाली. ले-शाफ्ट भोसरीला माझ्या एका जुन्या सहकाऱ्याने करून दिला: योग्य पोलाद, वरचा थर कार्बन देऊन कडक केलेला, मग ग्राइंडिंग. मोजला, तेव्हा साठीच्या आसपास रॉकवेल कडकपणा लागला. पैसे घेतले नाहीत. म्हणाला, "निवृत्त झाल्यावर पहिल्यांदा कोणीतरी एकच नग मागितला."

उरली दातेमाळ आणि रिंगा. त्या इंग्लंडहून आल्या. दादाची मुलगी नोकरीनिमित्त कॉव्हेंट्रीलाच असते. हा योगायोग खरा. आणि ज्या गावातून मोटारी आपल्याकडे आल्या, त्याच गावात मुख्यालय असलेली जग्वार लँड रोव्हर २००८ पासून टाटांची आहे, हा इतिहासाचा विनोदही खरा. तिने तिथे एका रविवारी जुन्या सुट्या भागांच्या जत्रेत जाऊन वडिलांसाठी दातेमाळ शोधली आणि दिवाळीला येताना साडीच्या घडीत गुंडाळून आणली. फोनवर तिने सांगितलेले एक वाक्य मला बोचले: "काका, इथे हे सगळं मिळतं हो. लोक करून विकतात."

तिथे का मिळते? इंग्रज भावनाप्रधान आणि आपण रूक्ष, असे उत्तर सोपे आहे आणि चुकीचे आहे. स्पिटफायर तीन लाखांहून अधिक बनल्या, त्यामुळे गिऱ्हाईक आहे, हे एक. पण त्याहून मोठे कारण असे की तिथे गाडी बंद झाली तरी तिचे नकाशे, साचे, पुस्तके फेकली गेली नाहीत. एम. जी. बी. या दुसऱ्या स्पोर्ट्स गाडीचा सांगाडा, मूळ गाडी बंद होऊन आठ वर्षे झाल्यावर, १९८८ मध्ये जुन्याच साच्यांवर नव्याने काढायला सुरुवात झाली. क्लब आहेत, ते याद्या ठेवतात, कोणता भाग कशाला चालतो ते छापतात. आणि कायद्यात जुन्या गाडीला एक जागा आहे. जर्मनीत तीस वर्षांच्या, जपलेल्या मोटारीला १९९७ पासून वेगळी नंबर प्लेट मिळते. ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांनंतर करमाफी मिळते.

आपल्याकडेही कायद्यात जागा आहे, नाही असे नाही. २०२१ मध्ये केंद्र सरकारने नियम केला: पहिल्या नोंदणीनंतर पन्नास वर्षे उलटलेली, सांगाडा, बॉडी आणि इंजिन यांत मोठा बदल न केलेली गाडी 'व्हिंटेज'. तिला 'व्ही. ए.' अक्षरांची वेगळी प्लेट, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, रोजच्या वापराला मनाई, पण प्रदर्शन, रॅली, देखभाल यांसाठी मुभा. नियम चांगला आहे, त्याचे स्वागत केले पाहिजे. मात्र दुसऱ्या बाजूला खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची, आणि पुढच्या फेरनोंदणीचे शुल्क एप्रिल २०२२ पासून सहाशेवरून पाच हजार झाले. आयात गाडीला चाळीस हजार. २०२५ मध्ये वीस वर्षांपुढच्या गाड्यांसाठी ते आणखी वाढले. आता हिशेब करा. पंधराव्या वर्षी गाडी नकोशी होते आणि एकावन्नाव्या वर्षी वारसा ठरते. मधली पस्तीस वर्षे तिने कुठे काढायची? कोणाच्या आधारावर? एखाद्या कर्त्या माणसाला साठीला घराबाहेर काढावे आणि शंभरी गाठलीस तर चौकात सत्कार करू म्हणावे, तसे हे झाले. तो शंभरी गाठेलच कसा?

याला एक रास्त उत्तर आहे आणि ते मी टाळणार नाही. जुन्या गाड्या धूर ओकतात, त्यांत सुरक्षेच्या सोयी नाहीत, आणि शहरांचा श्वास कोंडला आहे. खरे आहे. रोज दोनशे किलोमीटर धावणारा जुना ट्रक किंवा टॅक्सी रस्त्यावरून जायलाच हवी. २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईतली शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली, तेव्हा हळहळ वाटली, पण ते योग्यच झाले. मी बोलतो आहे ते वर्षाकाठी पाचशे किलोमीटरही न चालणाऱ्या गाड्यांबद्दल. दुसरा आक्षेप अधिक टोचणारा आहे: हे श्रीमंतांचे चोचले. आमच्या घरात फ्रिजच्या आधी स्पिटफायर आली, यावरून श्रीमंतीचा अंदाज यावा. पण समजा, चोचलेच. तरीही माझा मुद्दा स्पोर्ट्स मोटारीपुरता नाही. माझ्या बहिणीच्या मिक्सरचे एक प्लॅस्टिकचे जोडचाक मिळत नाही म्हणून मिक्सर फेकला जातो. शेतकऱ्याच्या जुन्या पंपाचे इंपेलर मिळत नाही म्हणून पंप भंगारात जातो. स्पिटफायर दिसते म्हणून तिच्यावर लेख होतो. मिक्सर दिसत नाही. दोन्हींमागचे दुखणे एकच आहे. यंत्राचे वय वर्षांनी ठरत नाही. त्याचा सुटा भाग आणि तो बसवणारा हात जोवर मिळतो, तोवर ते जिवंत असते. २०२२ मध्ये केंद्राने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, पुढे एक पोर्टलही सुरू केले. हक्क मान्य झाला हे चांगलेच. पण नकाशा नसेल, भाग नसेल आणि उस्ताद नसतील, तर तो हक्क भिंतीवर टांगायचा.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. पन्नासऐवजी तीस वर्षे ही मर्यादा मान्य व्हावी. कडक तपासणी आणि मर्यादित वापर या अटी खुशाल असाव्यात. गाडी मोडीत काढताना तिचे इंजिन, गिअर बॉक्स, धुरी यांतले जे धडधाकट असेल, ते वजनावर न विकता नोंद करून ठेवले जावे. जी कंपनी एखादे मॉडेल कायमचे बंद करते, तिने काही वर्षांनी त्याचे नकाशे एखाद्या सार्वजनिक संग्रहाकडे द्यावेत. त्यातून तिचे काय जाते? आणि आमच्या आय. टी. आय.मध्ये मुलांना वर्षातून एक तरी जुना बॉक्स संपूर्ण उघडून, मोजून, परत जोडायला लावावा. लॅपटॉप लावून दोष शोधणे त्यांना यायला हवेच. पण स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावून ऐकणारा माणूसही कोणी तरी तयार केला पाहिजे. उस्तादांचा मुलगा मोबाईल दुरुस्त करतो. नातू बी. कॉम. करतो. त्यांच्या हातातले कसब घेणारे आज कोणी नाही, आणि त्याची झळ एखाद्या गाडीपेक्षा मोठी आहे.

बॉक्स गाडीत बसला त्याला आता तीन महिने झाले. सगळे काही सुरेख झाले, असे सांगता आले असते तर बरे वाटले असते. तिसरा गिअर किंचित गातो. पहिला टाकताना अजून मन धरून थांबावे लागते. पण दुसरा जागेवर राहतो. मागच्या महिन्यात पहाटे दादाला घेऊन पुन्हा दिवे घाटात गेलो. वारीच्या वाटेने वर चढलो आणि त्याच वळणावर दुसऱ्या गिअरमध्ये, पाय ब्रेकवरून उचलून, गाडी इंजिनावर उतरवली. दादाने हात पुढे केला आणि दांड्याच्या मुठीवर नुसता ठेवला. खाली येईपर्यंत ठेवला. वडकीला चहा घेताना म्हणाला, "तिसऱ्याची रिंग कोणाकडून घेतलीस?" काढून टाकण्याचा विषय त्याने काढला नाही.

पुदुपेट्टैच्या बॉक्सचे उरलेले भाग मी टाकले नाहीत. तेल लावून, कागदात गुंडाळून, प्रत्येकावर माप लिहून माळ्यावर ठेवले आहेत. सोबत दोन दिवसांच्या मोजमापाची वही आहे: काय कशाला बसते, काय बसत नाही. घरचे विचारतात, हे कशासाठी? कोणाकडे तरी एखादी हेराल्ड पत्र्याच्या शेडमध्ये उभी असेल. तिच्या मालकालाही कोणी तरी सांगितले असेल की आता काढून टाका. तो नाना पेठेत आला, तर उस्तादांकडे माझा पत्ता आहे.